साक्षी

एकाच झाडावर बसलेले मुंडकोपनिषदातले दोन पक्षी आपल्या परिचयाचे आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत असतो. त्या पाहणाऱ्याला आपण साक्षी म्हणतो, आणि त्याचे साक्षीपण टिकते ते तो फळाला चोच लावत नाही म्हणून. ज्या क्षणी तोही खाऊ लागेल त्या क्षणी झाडावर दोन भोक्ते होतील आणि काय घडले हे सांगणारा कोणी उरणार नाही. हाच साक्षी आज जरा अनोळखी जागी पाहू या: चंद्रपूर-गडचिरोलीतल्या खाणी, सिमेंट कारखाने, वीजकेंद्र आणि सरकारी कचेऱ्या ज्याच्या भरवशावर निविदा, बिले, बैठकांच्या वेळा आणि मंजुऱ्या रोज इकडून तिकडे पाठवतात, त्या ईमेलच्या सर्व्हरमध्ये.

साक्षीची ओळख या भूमीला नवी नाही. बल्लारशाच्या लाकूड आगारात सागाचा लठ्ठा पाहिला, तर त्याच्या कापलेल्या तोंडावर क्रमांक असतो, लांबी-गोलाईचे आकडे असतात, वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो, आणि तो रस्त्याला लागला की सोबत वाहतूक परवाना असतो, ज्याला सगळे नुसते ‘टीपी’ म्हणतात. २०२३ साली याच भागातल्या वनांतला साग अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला. लाकूड स्वतः बोलत नाही; ते कुठून निघाले आणि कोणाच्या हातून गेले हे त्याच्या अंगावरचा ठसा आणि सोबतचा कागद बोलतो.

ईमेलही असाच ठसे घेत येतो, फक्त ते आपल्याला इनबॉक्समध्ये दिसत नाहीत. पत्राचा मूळ मजकूर उघडला की वरच्या भागात ओळींची उतरंड लागते: अमुक सर्व्हरकडून मिळाले, अमुक सर्व्हरने घेतले, तारीख, वेळ, आणि शेवटी भारतीय वेळेची +०५३० ही खूण. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ आधीच्या ओळींच्या वर चढवतो, म्हणून पत्राचा प्रवास खालून वर वाचायचा असतो. पण इथे सावध राहावे, कारण तळाच्या ओळी पाठवणाऱ्याने रचलेल्या असू शकतात, आणि ‘प्रेषक’ म्हणून दिसणारे नाव तर कोणीही काहीही लिहू शकतो. आपल्याच सर्व्हरने लिहिलेली ओळ ही पहिली भरवशाची साक्ष. तिच्या जोडीला ‘डीकेआयएम’ नावाची सही असते. पाठवणाऱ्या संस्थेच्या गुप्त किल्लीने ती होते, आणि सही केलेल्या मजकुरात वाटेत एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही.

तरीही ही सही संस्थेची ग्वाही देते, माणसाची नाही. समजा, चोराने लेखा विभागातल्या एखाद्याचा पासवर्ड मिळवला, त्याच्या खात्यात शिरून एक बारीक नियम लावला की ज्या पत्रात ‘बिल’ हा शब्द असेल ते कोणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये जावे, आणि मग त्याच खात्यातून कळवले की यापुढची रक्कम नव्या बँक खात्यात भरा. खाते खरे, सर्व्हर खरा, सहीही खरी, आणि व्यवहार मात्र चोरीचा. इथे उपयोगी पडतो तो आतला साक्षी, म्हणजे लॉग: कोण, कुठून, किती वाजता आत आला, तो नियम कधी लागला, कोणते पत्र उघडले गेले. हा लॉग त्याच सर्व्हरवर पडून असेल आणि ॲडमिनचा अधिकार हाती आलेल्याला तो पुसता येत असेल, तर साक्षीच्या चोचीत फळ आलेच म्हणायचे. म्हणून जाणते लोक लॉग घडताक्षणी दुसऱ्या यंत्राकडे धाडतात, जिथे भर घालता येते, खोडता येत नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक केले, आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवायला सांगितले. मला यातले घड्याळाचे कलम फार मोलाचे वाटते. दोन साक्षीदारांची वेळ जुळत नसेल तर दोघेही खरे असून निरुपयोगी ठरतात.

पण साक्षी कोणाच्या स्वाधीन आहे, हा थर सर्वांत खोल आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात चोरलेल्या एका किल्लीने बनावट प्रवेशपत्रे घडवून हेरांनी मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सेवेत शिरकाव केला. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला कळला, कारण कोणते पत्र कोणी उघडले हे सांगणारा, अधिक पैसे मोजून मिळणारा लॉग त्या खात्याने घेतलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्याकडे पाहणारा पक्षीच नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने ते लॉग सर्वांना खुले करण्याचे मान्य केले. साक्ष दुसऱ्याच्या हाती असण्याचे हेच दुखणे समजायला आता गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाकडे पाहा. वनहक्क कायद्याने २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच राहिले, आणि परवान्यावाचून बांबू शिवेबाहेर जाईना. ग्रामसभा हटली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक गावाच्या हाती आले, आणि आपल्या मालाची साक्ष आपण लिहिण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. पत्रे आपली आणि त्यांची साक्ष विकत घ्यायची दुसऱ्याकडून, अशा स्थितीत असलेल्या प्रत्येक संस्थेने मेंढा-लेखाच्या त्या दोन वर्षांचा विचार करावा.

साक्ष म्हणजे पाळत नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. पाळत ठेवणाऱ्याला काही हवे असते, साक्षीला काही नको असते. कर्मचाऱ्याचे पत्र वाचण्याची गरज लॉगला नाही, आणि लॉग कोणी पाहिला याचीही नोंद राहिली तरच पाहणारा निःसंग राहतो.

शेवटी हा साक्षी न्यायासनापुढे उभा राहतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज तीन वाजण्याच्या मुदतीत आला की नंतर, याचे चित्रण निवडणूक कार्यालयाच्या कॅमेऱ्यांत होते, पण ते चित्रण पुरावा म्हणून मांडायला लागणारा दाखला अधिकारी देईनात. याच वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की मूळ यंत्रच पुढे आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दाखला हवाच. मात्र पक्षकाराने तो मिळवण्याची शिकस्त केली असेल तर त्याला दोष देता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या दाखल्यात ‘हॅश’ही लिहावा लागतो, म्हणजे फाइलच्या आशयातून गणिताने काढलेली अशी संख्या, जी एका अक्षराच्या फरकानेही पार बदलते. आणि दाखल्याखाली सह्या लागतात दोन: एक त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्याची, दुसरी तज्ज्ञाची.