अर्ध्या वाटेवरची भेट

माढा तालुक्यातील लऊळ येथे संत कूर्मदासांचे मंदिर आहे. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून सरपटत पंढरीस निघाले, अशी वारकरी परंपरेतील कथा आहे. लऊळास त्यांचे बळ संपले. आपली असमर्थता त्यांनी लपविली नाही. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांकरवी विठ्ठलास निरोप धाडला. तेव्हा देवच भेटीस आला, असे भाविक मानतात.

मनुष्य मात्र आपली उणीव झाकतो आणि मनोमन स्वतःस दोष देत राहतो. चूक घडली असेल तर ती सुधारावी, दुखावलेल्याची क्षमा मागावी. परंतु असमर्थतेस पाप समजू नये. स्वतःस क्षमा करणाराच दुसऱ्याच्या उणिवेकडे प्रेमाने पाहू शकतो. वाट अपुरी राहिली तरी भेट चुकत नाही, हीच लऊळची श्रद्धा होय.