कौतुकाला खेळ कळावा लागतो

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचा पुरुषांचा अंतिम सामना सुरू झाला. भारताचे आक्रमण होते. वेळापूरच्या रामजी कश्यपने हवेत सूर मारला आणि नेपाळचा सूरज पुजारा बाद झाला. पाठोपाठ सुयश गरगटेने भरत साहूला टिपले. पहिला डाव संपला तेव्हा फलक २६-० असा होता. सामना भारताने ५४-३६ असा जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचा, संघात सुयश गरगटे, आदित्य गणपुले, अनिकेत पोटे अशी महाराष्ट्राची आणखी मुले. पण वेळापूर ज्या माळशिरस तालुक्यात आहे, तिथल्या माणसाची नजर त्या संध्याकाळी एकट्या रामजीवर खिळलेली होती.

एखाद्या कोवळ्या वयाच्या खेळाडूचे आपल्याला इतके अप्रूप का वाटते, हा प्रश्न मला त्या सामन्यापासून सोडत नाही. तो जिंकतो म्हणून, हे उत्तर पुरे पडत नाही. जिंकणारे पुष्कळ असतात. काहींच्या विजयाने आपण खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. एखाद्याचा खेळ मात्र मनात घर करतो. तो काय करील याचा अंदाज आपण बांधतो, तो भलतेच काही करून जातो, आणि झाल्यावर वाटते की दुसरे काही होणेच शक्य नव्हते.

टेनिसवेड्या लोकांना ही भूल चांगली ओळखीची आहे. १९८५ साली सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विम्बल्डन जिंकले. २०२२ साली एकोणीस वर्षांच्या कार्लोस अल्काराझने अमेरिकन ओपन जिंकले आणि तो पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला. त्या क्रमवारीत विशीच्या आत पहिला क्रमांक गाठणारा तो पहिलाच. टेनिसमध्ये अशा मुलावर जीव जडवायला भरपूर अवकाश मिळतो. जाळीच्या एका बाजूला तो एकटा असतो. सामना तीन-चार तास चालतो. दोन गुणांच्या मधे तो घाम पुसतो, चेंडू निवडतो, आकाशाकडे पाहतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. त्याची प्रत्येक सर्व्हिस मोजली जाते, प्रत्येक चूक नोंदली जाते, आणि पंचवीस वर्षांनी एखाद्याला तो सामना पुन्हा पाहावासा वाटला तर पाहता येतो.

खो-खोत यातले फारसे काही नाही. संरक्षण करणारा गडी मैदानात उतरतो आणि दीड-दोन मिनिटांत त्याचे काम संपते. तेवढ्यात त्याने काय केले हे कळायला पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते. अनोळखी माणसाला दिसते ती नुसती पळापळ. जाणकाराला दिसते ते वेगळेच. मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले गडी, त्यांच्यामधून वाट काढणारा हा एकटा. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळे. या एका सवलतीवर त्याला जगायचे असते. तो एकेरी साखळीने पळतो, मधेच दुहेरी धरतो, गोलात फिरता फिरता अचानक खांबाकडे ओढ दाखवून परततो. बसलेल्यांपैकी पुढचा खो कुणाला मिळणार, कुणाचे तोंड कुठे आहे, कुणाची टाच उचलली गेली आहे, हे त्याला पळता पळता वाचायचे असते. चांगला गडी पायाने पळतो. असामान्य गडी डोळ्याने पळतो, पाय नंतर येतात. त्याची हूल खांद्यातून निघते, कमरेत थांबते आणि पाठलाग करणारा चुकीच्या बाजूला झेपावल्यावर पूर्ण होते.

आणि रामजीने अंतिम सामन्यात मारला तसा सूर हे दुसऱ्या टोकाचे कसब. उठून धाव घेण्याच्या आधीच अंतर मोजायचे. पळणारा हाताच्या टप्प्याबाहेर आहे हे ओळखून जमीन सोडायची, शरीर लांबवायचे आणि पडण्याच्या आत बोट लावायचे. क्षणभर उशीर झाला तर गडी निसटतो आणि आपण आडवे पडलेले असतो. सूर मारण्यात धाडस दिसते, पण आत हिशेब असतो.

हे सगळे माळशिरस तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कारण इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी शाळेच्या मैदानावर पाटीवर उकिडवे बसून पाठीवरच्या थापेची वाट पाहिली आहे. गुडघे भरून आलेले आहेत. खो मिळाल्यावर उठायला झालेला उशीर अंगाने अनुभवलेला आहे. टेनिसचा आपल्याकडचा चाहता बहुतेक वेळा रॅकेट हाती न घेतलेला असतो, त्याचे कौतुक डोळ्यांतून येते. खो-खो पाहणाऱ्या गावकऱ्याचे कौतुक गुडघ्यातून येते. तो ज्या मुलाला थोर म्हणतो त्याच्या आणि स्वतःच्या मधले अंतर त्याला नेमके ठाऊक असते. मला हे कौतुक अधिक मोलाचे वाटते. त्यात भाबडेपणा कमी आणि पारख जास्त असते.

ही पारख या मातीत जुनी आहे. अकलूजच्या कुस्ती मैदानात प्रेक्षक नुसता आरडाओरडा करत नाही. पैलवानाने पट काढला की आधी दाद येते, निकाल मागाहून. हरलेल्यानेही डाव चांगला सोडवला असेल तर त्याला शाबासकी मिळते. पालखी सोहळ्यात याच तालुक्यात रिंगण होते, तेव्हा अश्वाची दौड पाहणाऱ्या हजारो लोकांत त्याची चाल कशी पडते हे ओळखणारे कितीतरी असतात. आणि वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी धावा करतात. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. अर्धनारी नटेश्वराच्या या गावात पळण्याला असा मान आहे. त्यातून खेळाडू घडतो असे मी म्हणणार नाही. तो घडतो रोजच्या सरावाने, मैदान राखणाऱ्या मंडळाने, संध्याकाळी शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या मार्गदर्शकाने. पण पळणाऱ्याकडे बघावे कसे, हे मात्र अशा परंपरा शिकवतात.

कौतुकाची दुसरी बाजूही आहे आणि ती टेनिसनेच जगाला दाखवली आहे. मोनिका सेलेसने १९९० साली सोळाव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली. विशीच्या आत तिच्या नावावर आठ ग्रँड स्लॅम होती. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमध्ये सामना चालू असताना, ती विश्रांतीला खुर्चीवर बसली होती तेव्हा एका माणसाने तिच्या पाठीत सुरा खुपसला. तो स्टेफी ग्राफचा चाहता होता. आपली लाडकी खेळाडू पुन्हा पहिल्या क्रमांकावर यावी, एवढ्यासाठी त्याने हे केले. सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिली. परत आली, १९९६ ची ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली, पण ती अखेरचीच. त्या माणसाचे ग्राफवर प्रेम होते असे लोक म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्याला टेनिस प्रिय आहे तो सेलेसचा दोन्ही हातांनी मारलेला फोरहँड जगातून नाहीसा व्हावा अशी इच्छाच करू शकत नाही. खेळावरचे प्रेम आटले आणि उरला फक्त खेळाडू, की कौतुकाचा ताबा मालकी हक्क घेतो.

इतके टोक आपल्याकडे नाही, पण त्या वाटेची सुरुवात आपल्याकडेही दिसते. ‘आपला मुलगा’ म्हणण्यात आनंद आहे आणि तो घ्यावा. पण त्या ‘आपला’मध्ये किती जण घुसतात पाहा. चौकात फलक लागतो, त्यावर खेळाडूचा फोटो मधे असतो आणि भोवती शुभेच्छुकांचे त्याहून मोठे. सत्कार होतात, फेटे बांधले जातात, भाषणे होतात. भाषणात खेळाविषयी एक वाक्य नसते. त्याने कोणत्या डावात किती वेळ संरक्षण केले, कुणाला कसा बाद केला, हे व्यासपीठावरच्या एकालाही सांगता येत नाही. विशीच्या आसपासचे ते पोर मान खाली घालून बसलेले असते. त्याला कळत असते की इथे माझे नाव घेतले जात आहे, माझा खेळ नाही. उद्या तो दुखापतीने मागे पडला, फॉर्म गेला, तर या गर्दीतले कोण उभे राहील? १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये उतरलेल्या जेनिफर कॅप्रियातीला अमेरिकेने असेच डोक्यावर घेतले होते. ती किशोरवयातच खेळापासून तुटली, तेव्हा त्याच लोकांना तिच्या पडझडीत रस वाटू लागला. पुढे ती सावरली, २००१ साली ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन जिंकली. पण मधली वर्षे तिची तिला काढावी लागली.

म्हणून मला वाटते, कौतुकाची पहिली अट जाण ही आहे. जाण असली की कौतुकाला धीर येतो. ज्याला संरक्षण कळते तो गडी एका मिनिटात बाद झाला म्हणून त्याला नावे ठेवणार नाही, कारण समोरच्याने लावलेला सापळा त्याने पाहिलेला असतो. अल्टिमेट खो-खो लीगच्या दुसऱ्या हंगामात रामजीचा चेन्नई क्विक गन्स संघ कटकला अंतिम फेरीत गुजरात जायंट्सकडून हरला. पाहणाऱ्याला खेळ कळत असेल तर अशा हरलेल्या सामन्यातही त्याच्या आवडत्या गड्याची एखादी पळती जन्मभर पुरते.

अडचण अशी की ही जाण टिकवायला साधने हवीत आणि ती खो-खोकडे फार थोडी आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले. म्हणजे शंभरहून अधिक वर्षे झाली. या काळात मैदाने गाजवणारे किती गडी होऊन गेले असतील! त्यांच्या खेळाचे आज काय उरले आहे? ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी, आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावरच्या बारीक अक्षरातल्या ओळी. या ओळी मला फार प्रिय आहेत. नावापुढे कंसात संरक्षणाची मिनिटे आणि सेकंद, त्यापुढे बाद केलेले गडी, बस्स. एवढ्यात एका मुलाची सगळी संध्याकाळ मावते. जाणकार ती ओळ वाचून सामना डोळ्यासमोर आणतो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा महाराष्ट्रभर तिचे नाव झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या बारीक ओळी वाचणाऱ्यांना ती माहीत होती. पुरस्काराने तिला प्रसिद्धी दिली, ओळख या ओळींनी आधीच दिली होती.

आता खेळ मॅटवर आला आहे. लीगमध्ये आणि विश्वचषकात नऊ जणांऐवजी सात जण, सात-सात मिनिटांचे चार डाव, कोणत्याही दिशेने पळू शकणारा वजीर, तीन मिनिटे टिकलेल्या तुकडीला जादा गुण. जुन्या लोकांना हे रुचत नाही. नऊ मिनिटांचा डाव, मातीवरचे पळणे आणि गड्याच्या दमाची कसोटी यांची त्यांना आठवण येते, आणि त्यात तथ्य आहे. तरीही मी या बदलाच्या बाजूने आहे. कारण त्याच्याबरोबर कॅमेरा आला. रामजी कश्यपचा तो सूर दिल्लीत पडद्यावर उमटला, म्हणूनच तो आज वेळापूरच्या दहा वर्षांच्या पोराला थांबवून थांबवून बघता येतो, हात कधी लांबवला, नजर कुठे होती हे तपासता येते. आधीच्या पिढीतल्या अशाच एखाद्या गड्याचा सूर मातीत पडला आणि मातीतच राहिला. खेळाडूवरचा हा मोठा अन्याय आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नसला तरी आपण पाहणाऱ्यांनी तो होऊ दिला आहे.

तेव्हा माझे तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या आणि जिथे जिथे मधली पाटी आखली जाते तिथल्या वाचकांना एक मागणे आहे. फलक लावण्याआधी सामन्याला जा. कुमार गटाच्या जिल्हा स्पर्धा असतात, शालेय स्पर्धा असतात, तिथे प्रेक्षक म्हणून बहुधा खेळाडूंचे आईवडीलच दिसतात. एक वही न्या. मुलाचे किंवा मुलीचे नाव, संरक्षणाचा वेळ, बाद केलेले गडी आणि कसे बाद केले, एवढे लिहा. हातातल्या फोनवर पूर्ण डाव चित्रित करा, नुसता बक्षीस समारंभ नको. गावातल्या साठी-सत्तरीच्या जुन्या गड्यांना बसवून त्यांच्या वेळचे सामने बोलते करा आणि उतरवून घ्या, कारण त्यांच्याबरोबर ते सामने जाणार आहेत. आणि जो मुलगा आज तुम्हाला असामान्य वाटतो, त्याला भेटाल तेव्हा पुढच्या पदकाबद्दल विचारू नका. परवाच्या सामन्यात दुसऱ्या डावात ती हूल कशी दिली, एवढेच विचारा.