दुसरी तार नसते तेव्हा: मक्तेदारी आणि संमतीचा प्रश्न

केबल टीव्हीबद्दलची तक्रार बहुधा दोन वाक्यांत संपते. चित्र नीट येत नाही, आणि भागात दुसरा केबलवाला नाही. पहिले वाक्य तांत्रिक आहे. दुसरे मात्र नीतिशास्त्रातल्या एका जुन्या प्रश्नाला जाऊन भिडते. ज्या व्यवहारात एका पक्षाला नकार देण्याची सोयच नाही, त्यातल्या होकाराला संमती म्हणता येईल का? म्हणता येत नसेल, तर त्या होकारावर पैसे घेणाऱ्याकडे कोणते कर्तव्य येते?

भारतात हा धंदा कायद्याच्या आधी गल्लीत जन्मला. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून घरात दिसू लागली, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, १९९२ च्या ऑक्टोबरात झी सुरू झाला. कुणीतरी गच्चीवर छत्री बसवली, खाली एका खोलीत कंट्रोल रूम थाटली आणि गच्च्यांवरून, विजेच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून तार ओढत शेजारपाजारच्या घरांत नेली. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५ साली झाला, तेव्हा शहरांतले बहुतेक भाग आधीच वाटले गेले होते. हे वाटप कायद्याने केलेले नव्हते. केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होत असे आणि एकाच भागात कितीही जणांनी नोंदणी करायला हरकत नव्हती. तरीही व्यवहारात एका भागाला एकच केबलवाला असे चित्र सर्वत्र रूढ झाले.

याचे मुख्य कारण तारेच्या अर्थशास्त्रात आहे. पहिल्याने तार टाकली, तिचा खर्च होऊन गेला. दुसऱ्याला त्याच रस्त्यावर तीच तार पुन्हा टाकावी लागते, गिऱ्हाईक मात्र निम्मेच मिळण्याची आशा असते. अशा स्थितीत पहिला दर थोडा खाली आणून दुसऱ्याला सहज थोपवू शकतो. भागात घुसायचे नाही हा आपसातला समझोता, सोसायटीच्या कमिटीची परवानगी आणि काही ठिकाणी उघड दमदाटी यांनी उरलेली वाट बंद केली.

सेवा का बिघडते, याचे उत्तरही इथेच मिळते. तांब्याच्या तारेतून संकेत जसा पुढे जातो तसा क्षीण होतो, म्हणून ठराविक अंतरावर अँप्लिफायर बसवावे लागतात. ज्या इमारतीत अँप्लिफायर आहे तिथली वीज गेली की पुढच्या सगळ्या घरांत पडदा काळा होतो. जोडात पावसाचे पाणी शिरले की जुन्या अ‍ॅनालॉग संचांवर मुंग्या दिसत. आता डिजिटलमध्ये चित्र तुकड्यातुकड्यांनी गोठते. जोड बदलणे, तार नवी टाकणे, फोन आला की लगेच पाठवता येईल असा माणूस ठेवणे, या सगळ्याला पैसा लागतो. तो खर्च केल्याने नवे गिऱ्हाईक येत नाही आणि न केल्याने जुने जात नाही. एखादा केबलवाला आळशी किंवा लोभी असेलही. पण सज्जन केबलवाल्यालाही तार बदलायला भाग पाडणारे काही या रचनेत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

तरी ग्राहक दर महिन्याला पैसे देतो. त्यावरून सेवा त्याला मान्य आहे असे समजायचे का? जॉन लॉकने राज्यसत्तेबद्दल असाच युक्तिवाद केला होता. जो देशाच्या रस्त्यावरून चालतो, त्याने त्या देशाच्या सत्तेला मूक संमती दिलेली असते, असे त्याचे म्हणणे. डेव्हिड ह्यूमने १७४८ साली त्यावर नेमके बोट ठेवले. गरीब कारागिराला परक्या देशाची भाषा येत नाही, तो रोजच्या मजुरीवर जगतो. तो देश सोडून गेला नाही, म्हणून सत्ता त्याने मान्य केली, असे म्हणणे म्हणजे झोपेत जहाजावर नेऊन ठेवलेल्या माणसाने समुद्रात उडी टाकली नाही, म्हणून कप्तानाची हुकमत त्याला पसंत आहे, असे म्हणण्यासारखे आहे. केबल म्हणजे राज्यसत्ता नव्हे, आणि टीव्ही बंद करणे म्हणजे समुद्रात उडी घेणेही नव्हे. पण तर्काची घडण तीच आहे. नकाराची किंमत फार असेल किंवा नकारानंतर हाती काहीच उरत नसेल, तर होकारावरून पसंती ठरवता येत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने अशा कृतींसाठी वेगळा कप्पा केला होता. वादळात सापडलेला नावाडी जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकतो. हात त्याचे स्वतःचे, निर्णयही त्याचाच. पण केवळ हौसेने असे कुणी करणार नाही. ही कृती मिश्र आहे, असे तो म्हणतो. एकाच तारेवर अवलंबून असलेल्या ग्राहकाचा होकार या मिश्र वर्गात बसतो. त्याला पूर्ण जबरदस्ती म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पूर्ण संमती म्हणणे त्याहून चुकीचे ठरेल, कारण दर वाढवताना आणि दुरुस्ती पुढे ढकलताना या होकाराचाच हवाला दिला जातो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. टीव्ही ही गरज नाही. पाणी, अन्न, औषध यांच्या मक्तेदारीशी तिची तुलना करणे म्हणजे खऱ्या दुःखाची थट्टा आहे. आक्षेपात तथ्य आहे. अन्यायाला पायऱ्या असतात आणि ही पायरी खालची आहे. पण घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धाचा जगाशी संबंध बऱ्याच अंशी त्या पडद्यातूनच असतो. पुराची, वादळाची सूचना घरात तिथूनच येते. शिवाय अनेक भागांत आता तोच केबलवाला त्याच खांबांवरून इंटरनेटची तार नेतो. परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास या गोष्टी तीवर चालू लागल्या की 'बंद करून टाका' हा सल्ला पोकळ ठरतो.

मग दोष सेवेच्या दर्जात आहे की अवलंबित्वात? समजा, एखाद्या भागातला एकमेव केबलवाला अतिशय भला आहे. तक्रार केली की तासाभरात माणूस येतो, दरही वाजवी आहे. इथे ग्राहक स्वतंत्र आहे का? फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाने १९९७ च्या आपल्या 'रिपब्लिकनिझम' या ग्रंथात स्वातंत्र्याची जी व्याख्या मांडली, तिच्यानुसार उत्तर नकारार्थी येते. दयाळू धन्याचा गुलामही गुलामच असतो. धनी आज फटका मारत नाही, पण तो न मारणे त्याच्या मर्जीवर आहे. स्वातंत्र्य म्हणजे नुसता हस्तक्षेपाचा अभाव नव्हे. दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून नसणे म्हणजे स्वातंत्र्य. केबलच्या क्षुल्लक उदाहरणातही याचा प्रत्यय येतो. ग्राहक केबलवाल्याशी जपून बोलतो, वसुलीला आलेल्या मुलाला दुखवत नाही, तक्रार करताना आवाज खाली ठेवतो, कारण तार उद्या तोडली तर दुसरी कुठून आणायची? हक्काच्या सेवेसाठी अशी मर्जी सांभाळावी लागणे हे एक लहानसे पारतंत्र्य आहे, आणि चांगल्या सेवेने ते झाकले जाते, नाहीसे होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हाच धागा फार मोठ्या संदर्भात पकडला होता. राज्याच्या नियंत्रणातून मुक्ती म्हणजे स्वातंत्र्य, असे ज्याला म्हटले जाते ती प्रत्यक्षात खासगी मालकाची हुकूमशाही असू शकते, असे त्यांनी बजावले. राज्याने बाजूला होणे पुरेसे नाही; रिकाम्या जागेत कोण येऊन बसतो, हे पाहावे लागते. भारतातल्या केबलच्या पहिल्या दशकात ही रिकामी जागा ज्याने आधी तार टाकली त्याला मिळाली.

भारतीय परंपरेला हा प्रश्न परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' या अधिकरणात, व्यापाऱ्यांनी संगनमत करून माल अडवून धरला किंवा भलत्या भावाने विकला तर हजार पणांचा दंड सांगितला आहे. देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा, अशी नफ्याची मर्यादाही तिथे आहे. इस्लामी धर्मशास्त्रात भाव वाढावेत म्हणून गरजेचा माल दाबून ठेवणे निषिद्ध आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात थॉमस अक्वायनस वाजवी किमतीची चर्चा करताना सांगतो, की खरेदीदाराची निकड हाच नफ्याचा आधार करणे अन्यायाचे आहे. या तिन्ही परंपरांत विक्रेत्याची नियत तपासली जाते आणि त्याच वेळी खरेदीदाराची अडचणही मोजली जाते. अडलेल्याशी केलेला व्यवहार वेगळ्या मापाने तोलायचा असतो, हे त्यांना मान्य आहे. आधुनिक बाजारशास्त्राला हे मान्य करायला बराच वेळ लागला.

भारतीय न्यायालयाने हा प्रश्न नागरिकाच्या हक्काच्या भाषेत मांडला. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शनची बाजू आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. त्यावर फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्रात हवेतल्या प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली गेली आणि माहिती मिळवण्याचा प्रेक्षकाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला गेला. या हक्काला मक्तेदारीमुळे बाधा येते, मग ती सरकारची असो की खासगी. केबलची तार हवेतून जात नाही, हे खरे. पण ती सार्वजनिक रस्त्यावरून आणि सार्वजनिक खांबांवरून जाते. त्यामुळे तीवरची सत्ताही निव्वळ खासगी मानणे कठीण आहे.

मक्तेदारीच्या समर्थनात सर्वांत सबळ युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिलच्या विचारातून येतो. लंडनच्या गॅस आणि पाणी कंपन्यांकडे पाहून त्याने लिहिले, की एकाच रस्त्याखाली दोन-तीन कंपन्यांनी नळ टाकणे ही उधळपट्टी आहे. केबललाही हे लागू पडते. पण पुष्कळदा हा युक्तिवाद अर्धाच उद्धृत होतो. मिलचा निष्कर्ष असा, की जिथे एकच पुरवठादार राहणे अटळ आहे तिथे तो व्यवसाय सार्वजनिक कार्य मानला पाहिजे. त्याला व्यापाराची मोकळीक देता येत नाही. एकटेपणाचा लाभ घेणाऱ्याला जबाबदारीही पत्करावी लागते.

सार्वजनिक कार्य म्हणजे सरकारी मालकीच, असा अर्थ मात्र घेता येत नाही. तामिळनाडूत सन समूहाच्या सुमंगली केबल व्हिजनचे मोठे वर्चस्व होते. त्याला उत्तर म्हणून राज्य सरकारने अरसू केबल ही कंपनी पुढे आणली आणि २०११ मध्ये महिना ७० रुपयांत सेवा सुरू केली. दर उतरला, हे नाकारता येत नाही. पण बातम्यांची तार सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली की कोणती वाहिनी दाखवायची याचा निर्णयही त्यांच्याच हाती जातो. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१२ मध्ये राज्य सरकारांनी या व्यवसायात उतरू नये अशी शिफारस केली, ती याच प्रकारच्या भीतीपोटी. पंजाबमध्ये फास्टवे या केबल समूहाने एका वृत्तवाहिनीचे प्रसारण बंद केले. त्यावर स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये दंड केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्चस्वाचा गैरवापर झाल्याचे मान्य केले, दंड मात्र कायम ठेवला नाही. मालक खासगी असो की सरकारी, मर्जी एकवटली की प्रेक्षकाची निवड आक्रसते.

आता डिश आहे, मोबाइलवर मालिका दिसतात, मग हा प्रश्न जुना झाला का? अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या ग्रंथात याचे अनपेक्षित उत्तर दिले आहे. नायजेरियात रेल्वेची सेवा भुईमुगाच्या वाहतुकीसाठी इतकी वाईट होती की व्यापारी ट्रककडे वळले. स्पर्धा आली, पण रेल्वे सुधारली नाही. जे सर्वांत जास्त ओरडले असते, तेच आधी निघून गेले होते. बाहेर पडण्याची वाट फक्त काहींना उघडली की आत राहिलेल्यांचा आवाज क्षीण होतो आणि आळशी मक्तेदाराला उलट निवांतपणा मिळतो. केबलचे असेच होण्याची भीती आहे. ज्याला डिशचा खर्च झेपतो, ज्याच्या गच्चीवर जागा आहे, ज्याला वेगवान इंटरनेट परवडते, तो जातो. भाड्याच्या खोलीतला, चाळीच्या आतल्या बाजूचा, नवी साधने न वापरू शकणारा माणूस मागे राहतो. म्हणून पर्याय किती आहेत, एवढेच मोजून न्याय ठरत नाही. ते कुणाच्या आवाक्यात आहेत, हे पाहावे लागते.

जाणेही पूर्ण मोकळे नाही. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने डिजिटल प्रसारण सक्तीचे झाले, तसा प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स आला. पण एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नाही. सेवा बदलायची तर नवा बॉक्स घ्यावा लागतो. कोणताही बॉक्स कोणत्याही सेवेवर चालावा, अशी शिफारस 'ट्राय'ने एप्रिल २०२० मध्ये केली. २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीने ग्राहकाला वाहिन्या एकेक करून निवडण्याचा हक्क दिला. वाहिनी निवडता येते, पण ती आणणारी तार निवडता येत नसेल, तर हे स्वातंत्र्य अर्धेच राहते.

दुसरी तार नसलेल्या भागातल्या केबलवाल्याने तक्रारीला क्रमांक द्यावा, दुरुस्तीची मुदत सांगावी, बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे कापून द्यावेत. ग्राहकावरचा हा उपकार नव्हे. नकाराची सोय नसलेल्या व्यवहाराला संमतीच्या जवळ नेण्याचा तो किमान मार्ग आहे. ज्या ग्राहकाला एवढेही मिळत नाही, त्याने मर्जी सांभाळत बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी त्याला शुल्क लागत नाही.