परक्या समाधीपुढे

पुण्याहून सुट्टीत आलेल्या नातीला हैदराबाद दाखवायचे म्हणून एका रविवारी आम्ही सकाळीच बाहेर पडलो. चारमिनार आणि गोवळकोंडा तिने पूर्वी पाहिलेले होते. तेव्हा मी ठरविले की या वेळी शहरातील स्मारके आणि समाध्याच दाखवाव्यात. दिवसभराचे ते भ्रमण एका प्रश्नापाशी येऊन थांबेल, याची मात्र मला कल्पना नव्हती.

प्रारंभ मलकपेटजवळच्या टेकडीवरून झाला. तेथे फ्रेंच सेनानी रेमंड याची समाधी आहे. वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ आणि त्यावर त्याची आद्याक्षरे. निजामाच्या पायदळाची कवायती पलटण त्याने उभी केली आणि १७९८ साली तो येथेच वारला. हिंदूंनी त्याला मूसा राम म्हटले, मुसलमानांनी मूसा रहीम. मूसारामबाग हे नाव त्यातूनच आले. मी पादत्राणे काढली, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, हा तर खर्ड्याला आपल्याविरुद्ध लढला ना? मग तुम्ही चपला का काढता?"

प्रश्न रास्त होता. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांचा जय झाला आणि निजामाला किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु 'आपण' म्हणजे नेमके कोण? निजामाच्या पदरी रावरंभा निंबाळकरांसारखी मातब्बर मराठी घराणी होती. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या त्याच दरबाराच्या दफ्तरांत लेखणी चालवीत होते. हैदराबादच्या मराठी माणसाला सीमेच्या एकाच बाजूला उभे राहणे कधी जमलेच नाही. पण हे उत्तर इतिहासाचे झाले. तिचा प्रश्न नीतीचा होता.

कोठीला १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्या वर्षीच्या १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. पुढे एकाच्या वाट्याला मरण आले, दुसऱ्याच्या वाट्याला अंदमान. त्या काळी निजामाचे सरकार इंग्रजांच्या बाजूने होते. म्हणजे राज्याच्या दृष्टीने हे बंडखोर. शंभर वर्षांनी तेच हुतात्मे ठरले. विधानसभेसमोरच्या गन पार्कमधील स्तूपाचीही तीच कथा. १९६९ च्या तेलंगणा आंदोलनात ज्यांचे प्राण गेले, त्यांच्यासाठी तो उभा आहे. २०२३ साली सचिवालयाजवळ हुसेनसागराच्या काठी तेलंगणाच्या हुतात्म्यांसाठी पणतीच्या आकाराचे भव्य नवे स्मारकही झाले. स्मारक हा राज्यकर्त्यांनी दिलेला निवाडा असतो आणि राज्य बदलले की निवाडा बदलतो.

बेगमपेटला स्वामी रामानंद तीर्थांच्या समाधीपुढे मात्र कसलाच संदेह उरला नाही. निःस्वार्थ जीवनापुढे मस्तक आपोआप लवते. तेथून सिकंदराबादेत परेड ग्राउंडवरील सैनिक स्मारक पाहून आम्ही त्रिमुलघेरीच्या बाजूला गेलो. छावणीच्या त्या भागात गोऱ्या शिपायांची जुनी दफनभूमी आहे. विशी-पंचविशीतली मुले आणि त्यांच्या शेजारी त्यांची तान्ही लेकरे. पुष्कळांना शत्रूची गोळी लागलीच नव्हती. पटकी आणि हिवतापाने त्यांना नेले. हिवतापाच्या जंतूचा डासातील माग रोनाल्ड रॉस यांना १८९७ च्या ऑगस्टमध्ये याच सिकंदराबादेत लागला, पण तोवर या मुलांवर गवत उगवले होते. नातीने एका कबरीवरचे वय वाचले आणि काही न बोलता आपल्या चपला काढल्या.

मी तेथल्या पारावर बसलो आणि मला आईची आठवण झाली.

१९४८ साली माझे वडील तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका गावी तहसील कचेरीत पेशकार होते. रझाकारांच्या धामधुमीत शेजारच्या मुसलमान शिक्षकांनी आम्हाला तीन रात्री आपल्या घरात ठेवून घेतले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. त्यानंतरच्या एका रात्री तेच मास्तर आमच्या दाराशी आले. वडिलांनी कडी काढली नाही. सकाळी मास्तर या जगात नव्हते. वडिलांनी हे आयुष्यात कधी उच्चारले नाही. मला ते आईकडून कळले, तेही वडील गेल्यावर.

सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या वेळी आणि नंतर झालेल्या मृत्यूंचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, त्यांना बळी पडलेल्यांची नावे आपण घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. पण मास्तरांचे नाव कोणत्या स्तंभावर कोरायचे?

कोणी म्हणेल, सर्वांपुढेच मान लववली तर सन्मानाला अर्थ काय उरला? जुलूम करणारा आणि जुलमाला बळी पडणारा यांना एकाच ओळीत बसविणे हा बळींचा अपमान नव्हे काय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच सन्मान आणि शोक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सन्मान कृतीचा असतो आणि तो पारखूनच द्यावा. शोकाला पात्रतेची अट नसते. आपल्या तर्पणातही शेवटी एक ओंजळ अशांसाठी सोडतात, ज्यांना पाणी द्यायला मागे कोणीच उरलेले नाही. ते कोण होते, कोणत्या पक्षाचे होते, हे तेथे कोणी विचारीत नाही. दगडी स्मारकांना ही ओंजळ अजून साधलेली नाही. आणि ज्यांच्या मृत्यूत आपल्या बंद दाराचा वाटा आहे, त्यांच्या बाबतीत ही ओंजळ उपकाराची राहत नाही. ती ऋणाची होते.

सतरा सप्टेंबर भाद्रपदाच्या आगेमागे येतो. सर्वपित्री अमावस्येला आई पानातला एक घास काढून अंगणात वेगळा ठेवी. कोणासाठी, असे विचारले तर म्हणे, "आहे एकांचा." वडील त्या वेळी खाली मान घालून जेवत.

परतताना नातीने विचारले, "आजोबा, त्या मास्तरांचे नाव काय होते?" मी ते तिला सांगितले. आमच्या घरात ते नाव मोठ्याने उच्चारले गेले, ते त्या दिवशी प्रथमच.