खाल्ल्या मिठाचा हिशोब

फुटबॉलमध्ये एक नियम आहे. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघड बोलणी करू शकतो, सहीसुद्धा करू शकतो. म्हणजे पुढच्या मालकाच्या कागदावर सही करून ठेवायची आणि सीझन संपेपर्यंत आताच्या मालकासाठी डोकं फोडून घ्यायचं. बचावपटूच्या बाबतीत तर अक्षरशः. मग या महिन्यांत त्याची निष्ठा नेमकी कुणाकडे असते?

राहुल भेकेची कारकीर्द बघताना हा प्रश्न सुटत नाही. मुंबईचा पोरगा, सेंटर-बॅक, गरज पडली तर राइट-बॅक. ईस्ट बंगाल, केरला ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी, पुन्हा बेंगळुरू. भारताकडून पहिला सामना 28व्या वर्षी. 17 मार्च 2019 ला आयएसएलच्या फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइमची शेवटची मिनिटं चालू असताना त्याने कॉर्नरवर हेडर मारला आणि बेंगळुरूला पहिलं विजेतेपद मिळालं. मैदान मुंबईचंच होतं. पाच वर्षांनी, 4 मे 2024 ला, मोहन बागानला कोलकात्यात 3-1 हरवून त्याने कॅप्टन म्हणून मुंबई सिटीचा कप उचलला. आणि त्याच वर्षी परत बेंगळुरूला! पुढच्या मार्चमध्ये बेंगळुरूने मुंबईला 5-0 असं स्पर्धेबाहेर काढलं.

अशा माणसाला फॅन लोक ‘भाडोत्री’ म्हणतात. आपल्या राजकारणाने आपल्याला आयाराम-गयारामांची इतकी सवय लावली आहे, की टीम बदलणारा दिसला की शिवी आधी येते. पण पक्ष बदलणारा आमदार मतं घेऊन जातो. बचावपटू फक्त बूट घेऊन जातो.

देवळाली कॅम्पात बदली कुणाला नवीन नाही. तोफखान्याचं स्कूल इथलं. शेजारचं कुटुंब दोन-तीन वर्षांत ट्रंका भरतं, आणि त्या जवानाला कुणी भाडोत्री म्हणत नाही. यावर कुणी म्हणेल, जवानाचं ठिकाण बदलतं, सैन्य एकच राहतं. मान्य. तुलना तिथे लंगडी पडते. पण याच कॅम्पाने इंग्रजीला एक शब्द दिलाय, तो जास्त कामाचा आहे: ‘डूलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला. नोकरी संपलेले गोरे सोल्जर इथे मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, घर नाही, ऊन मात्र भरपूर. मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. शरीर इथे, मन बंदरावर.

आमच्या आयटीत त्याला नोटीस पीरियड म्हणतात. नव्वद दिवस. कुणी त्या काळात मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसतो. कुणी मात्र असं डॉक्युमेंट लिहून जातो, की नंतर रात्री दोनला सर्व्हर पडला तर नवख्या पोराला रडायची वेळ येत नाही. दोघांनीही कंपनी सोडलीच. तरी मला ते सारखे वाटत नाहीत.

म्हणून मला वाटतं, निष्ठा लोगोशी नसते, शेजारच्याशी असते. ऑफसाइडची लाइन चौघांनी एकदम पुढे सरकवायची असते. त्यातला एक जण पुढच्या करारासाठी घोटा जपत अर्धं पाऊल मागे राहिला, की किंमत गोलकीपर मोजतो. स्ट्रायकरचा असा एखादा आळसाचा दिवस खपून जातो.

आणि क्लब तरी कुठे थांबतात? महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, मुंबई एफसी 2017 मध्ये, पुणे सिटी 2019 मध्ये. खेळाडूने जर्सीवर जन्म काढावा असं म्हणणाऱ्यांनी आधी जर्सी टिकेल याची हमी द्यावी. माझा थोडा राग इथे आहे, लपवत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं हे खरं, पण मीठ महिन्याच्या महिन्याला मोजून मिळतं. जागणंही तेवढंच मागता येतं.

एवढं लिहून मला वाटलं हिशोब जुळला. पण 2025 च्या जुलैमध्ये आयोजक आणि फेडरेशनच्या कराराच्या घोळात आयएसएल लटकली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरूने पहिल्या टीमचे पगार बेमुदत थांबवले. मीठच बंद. माझ्या हिशोबाप्रमाणे तेव्हा जागणंही थांबायला हवं होतं.

भेके तेव्हा बेंगळुरूचाच होता. त्या महिन्याच्या शेवटी तो भारताच्या टीमबरोबर ताजिकिस्तानात, नेशन्स कपला गेला. तिसऱ्या जागेचा सामना ओमानशी, 1-1, मग पेनल्टी शूटआउट. भारताचे दोघे चुकले, तिघांनी गोल केले. त्या तिघांत एक बचावपटू होता.