जांगडची वही

लातूरच्या एका दुकानातून मी सोमवारी ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घरी आणली. पैसे भरले होते, बिल घेतलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "आठ दिवस घरी ऐका. नाही जमलं तर आणून द्या, पैसे परत." गुरुवारी नांदेडहून मामा आले. वजिराबादेत त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डरचं दुकान होतं. विक्रीही करत आणि दुरुस्तीही. रविवारी आमच्याच गच्चीवर बहिणीचा साखरपुडा होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की रविवारी कार्यक्रमात सेट वाजवायचा आणि सोमवारी परत करायचा. मामांना हे सांगितलं, तेव्हा ते लगेच काही बोलले नाहीत. उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली.

मामा : ऐकलंस? हात थांबले तरी आवाज फिरतोय.

मी : दुकानात असं नव्हतं. तिथं खाली सतरंजी होती, भिंतींना पडदे होते. इथं फरशी आणि स्लॅब. तबल्यातला डग्गा नुसता घुमतो.

मामा : घुमणारच. समोरासमोरच्या दोन भिंतींत १२ फुटांचं अंतर असलं, की ४७-४८ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर त्यांच्यात अडकतो आणि फुगतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवलास तर आणखी फुगेल. आमच्या जुन्या घरी मातीच्या जाड भिंती होत्या, वर माळवद होतं. तिथं हीच जोडी वेगळी बोलली असती. म्हणून घरी आणून ऐकलंस यात काही गैर नाही. दुकानातल्या खोलीत ऐकून घरातल्या आवाजाची पारख होत नाही.

मी : मग रविवारी वाजवली तर काय बिघडलं? आठ दिवसांची मुदत त्यांनीच दिलीय.

मामा : रविवारी तू ऐकणार आहेस का वाजवणार आहेस?

मी : त्यात फरक काय? तीच तार, तोच आवाज.

मामा : जोडी ठेवायची की नाही हे कळावं म्हणून तू ऐकतोस. पण तू तर सोमवारी परत करायचं आधीच ठरवलंस. मग रविवारी तुला काय कळायचं राहिलंय?

मला उत्तर सुचलं नाही. मामा पुढे सांगू लागले.

मामा : आमच्या धंद्यात याला जांगड म्हणायचे. साडी असो, दागिना असो की रेडिओ. पसंतीवर घरी न्यायचा, पटला तर पैसे द्यायचे, नाही पटला तर माल परत. मोल्सवर्थच्या कोशातही हा शब्द आहे, इतका जुना व्यवहार. १९३०च्या मालविक्री कायद्यात कलम २४ यासाठीच आहे. पसंतीवर दिलेला माल आधी दुकानदाराचाच असतो. गिऱ्हाइकानं पसंती कळवली, किंवा सौदा मान्य असल्यासारखं वागला, किंवा मुदत उलटून गेली तरी गप्प राहिला, की माल त्याचा होतो.

मी : पण मी बिल केलंय, मामा. ते कलम मला लागू होईल का?

मामा : नसेल होत. मला त्या कलमातली समज घ्यायचीय. पारखायला आणलेली वस्तू आपलीच असल्यासारखी मिरवली, की पारख तिथंच संपते. मांडवात चार लोकांसमोर वाजवलेली जोडी 'पसंत नाही' म्हणून कोणत्या तोंडानं परत नेशील?

मी : ग्राहक कायदा तरी माझ्या बाजूचा आहे ना?

मामा : २०१९चा कायदा सदोष मालासाठी तुझ्या बाजूचा आहे. बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नाही म्हणणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तिथं चालत नाही. पण तुझ्या जोडीत दोष कुठाय? नुसतं मनाला आलं नाही म्हणून परत घेणं ही दुकानदारानं आपल्या मनानं दिलेली सवलत आहे. तिथं फक्त त्याचा शब्द आहे आणि तुझा.

मी : ऑनलाइन तर लोक तीन-तीन सेट मागवतात, एक ठेवतात, दोन परत पाठवतात. कंपन्या तो खर्च किमतीत धरूनच चालतात. मग त्यात कुणाचं नुकसान होतं?

मामा : गावाला गायरान असतं. ते सगळ्यांच्या गुरांसाठी असतं. एकानं दहा गुरं जास्तीची सोडली म्हणून गायरान त्याच दिवशी उजाड होत नाही. सगळ्यांनी तसंच केलं, की ज्याची एकच गाय आहे त्याला गवत उरत नाही. परत करायची सोयही तशीच. तू म्हणतोस खर्च किमतीत धरलाय. म्हणजे तो कधीच काही परत न करणाऱ्यानं भरला. उद्या दुकानदारानं आठाचे दोन दिवस केले, तर ज्याला खरोखर ऐकून ठरवायचंय त्याची वाट बंद झाली.

मी : तुमच्या मार्केट यार्डात व्यापारी सोयाबीनची मूठ उचलून बघतोच की. नाही पटलं तर पुढं जातो. त्याला कुणी चोर म्हणत नाही.

मामा : बरोबर उदाहरण काढलंस. ती मूठ परत ढिगात पडते आणि ढीग होता तसाच राहतो. तुझ्या खोक्याचं सील तुटलं, थर्माकोल हलला, आता ते नवं म्हणून विकता येत नाही. दुकानदारानं तुला नुसती मूठ बघू दिली नाही, सगळं पोतं फोडू दिलं. म्हणून तुझ्यावर जबाबदारी जास्त. मूठ बघायच्या नावाखाली यार्डातल्या व्यापाऱ्यानं घरचं जेवण रांधलं असतं, तर त्याला तू काय म्हणाला असतास?

मी गप्प झालो. मामाही थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मामा : माझ्याकडे जांगडची वही होती. नाव, माल, तारीख, सही. ओळखीच्या एका गिऱ्हाइकानं टेपरेकॉर्डर नेला. त्याच्या घरी लग्न होतं हे मला नंतर कळलं. लग्न झाल्यावर आणून दिला, म्हणाला, आवाज बारीक वाटतो. त्याच्याशी वाद घालायची मला लाज वाटली. मी तो पुसला, खोक्यात घातला आणि पुढच्या आठवड्यात लोह्याकडच्या एका शेतकऱ्याला नवा म्हणून विकला. पूर्ण किमतीत.

मी : त्याला कळलं?

मामा : कधीच नाही. म्हणूनच विसरता येत नाही. पहिल्यानं मला फसवलं, ते मी पुढं ढकललं, आणि ते जाऊन पडलं कुणावर, तर ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता त्याच्यावर. जांगडचा व्यवहार दोघांचा वाटतो, लेकरा, पण त्यात तिसरा असतो. परत आलेलं खोकं पुढं कुणीतरी घेतोच. तो तिथं नसतो म्हणून त्याचा विचार आपण दोघांनी करायचा असतो. गिऱ्हाइकानं खरं कारण सांगायचं आणि दुकानदारानं खोकं उघडलेलं आहे हे सांगून विकायचं. मी माझा वाटा केला नाही.

मी : मग एकदा आणलं की ठेवायचंच का? मला खरंच वाटतंय की ही जोडी या खोलीला जड आहे.

मामा : मग परत कर, बिनधास्त. शरमेपोटी नको असलेली वस्तू ठेवून घेणं हाही खोटेपणाच. पण हे कारण ऐकून मिळालेलं असावं, साखरपुड्याच्या तारखेवरून ठरवलेलं नसावं.

मी : आणखी एक सांगतो. हीच जोडी ऑनलाइन तीन हजारांनी स्वस्त दिसतेय.

मामा : भाव बघणं तुझा हक्क आहे, पैसा तुझ्या कष्टाचा आहे. पण दुकानात दोन तास बसवून दुकानदारानं तुला चार जोड्या ऐकवल्या. त्या दोन तासांचा तुझ्या तीन हजारांत कुठं हिशोब आहे? त्याला भाव मोकळेपणानं सांग. कमी केला तर घे, नाही केला तर तुझं तू ठरव. पण पारख त्याच्याकडून करून घेऊन खरेदी गुपचूप दुसरीकडे करू नकोस.

मी त्याच संध्याकाळी दुकानदाराला फोन केला आणि रविवारचा बेत जसा होता तसा सांगितला. दुकानात दाखवायला लावलेली जोडी त्यानं रविवारपुरती भाड्यानं दिली. घरातली जोडी मी आणि मामांनी शनिवारी आणखी दोनदा ऐकली, भिंतीपासून दोन फूट पुढं ओढून ऐकली. तरी डग्गा घुमतच राहिला. सोमवारी मी ती परत केली आणि मामांच्या सांगण्यावरून खोक्यात एक चिठ्ठी ठेवली : 'एकूण ११ तास ऐकली. दोष नाही. १२ फुटांच्या खोलीत खालचे स्वर फुगतात. मोठ्या खोलीत चांगली वाजेल.' दुकानदारानं ती वाचली, खोक्यावर मार्करनं 'उघडलेले' असं लिहिलं आणि भाव कमी करून जोडी मांडणीत ठेवली. मग त्यानं मला आणखी लहान जोडी ऐकवायला घेतली.

तुम्हीही काही परत करायला निघालात, तर खोक्यात अशी चिठ्ठी ठेवा. किती वापरलं आणि का परत करतोय, एवढंच लिहा. ते खरं लिहिता येत असेल तर खुशाल परत करा. लिहिताना हात थांबला, तर ती वस्तू परत करायचा अधिकार तुमच्याकडे उरलेला नाही.