इब्न लहीआंची जळालेली पुस्तकं

अब्दुल्लाह इब्न लहीआ गळ्यात पिशवी अडकवून फुस्तातमध्ये, म्हणजे आजच्या जुन्या कैरोत, हिंडत असत. परगावचा कुणी दिसला की त्याला गाठून विचारत: कुणाला भेटलात, कुणाकडून काय लिहून घेतलंत? पैगंबरांची वचनं गोळा करण्याचा हा नाद पुढे इतका वाढला की इजिप्तमध्ये हदीसचा एवढा साठा फार थोड्यांकडे होता. 772 मध्ये खलीफा मन्सूरने त्यांना इजिप्तचं काझीपदही दिलं.

786च्या सुमारास त्यांचं घर जळालं आणि त्यात पुस्तकं गेली. फुस्तातचेच धनाढ्य फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, लैस इब्न साद यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना हजार दिनार पाठवले, असं सांगतात. चार वर्षांनी इब्न लहीआ वारले. त्यांच्या नावाचा निवाडा मात्र कित्येक शतकं चालला.

हदीसच्या परीक्षकांची रीत निराळी होती. माणूस सज्जन आहे का, या प्रश्नाबरोबरच ते विचारत: याची आठवण शाबूत आहे का, आणि याच्याकडून कुणी, केव्हा ऐकलं? म्हणून अनेकांनी इब्न लहीआंच्या आयुष्याचे दोन भाग पाडले: आगीआधीचा आणि आगीनंतरचा. अब्दुल्लाह इब्न मुबारक, अब्दुल्लाह इब्न वहब यांच्यासारख्या शिष्यांनी सांगितलेलं बऱ्यापैकी भरवशाचं. नंतर आलेल्यांचं सांभाळून घ्यायचं. एकाच माणसाच्या शब्दाला दोन भाव! इतका बारीक हिशेब आपण आपल्या चरित्रनायकांचाही ठेवत नाही. आपण एक तर मखरात बसवतो, नाही तर मोडीत काढतो.

मला मात्र त्या आगीचा थोडा संशय येतो. मूळ प्रती जळाल्याच नव्हत्या, असं सांगणारा साक्षीदारही नोंदींत सापडतो. बगदादचे कठोर परीक्षक यह्या इब्न मईन तर म्हणत, आगीआधीही हे दुबळेच होते. याहून बोलकी एक हकीकत आहे. काही जण एक वही घेऊन इब्न लहीआंकडे आले. त्यात त्यांची एकही हदीस नव्हती, तरी त्यांनी ती वाचून दाखवली. कुणी जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं: मी काय करू? लोक येतात, म्हणतात ही तुमचीच आहे, मग मी सांगतो.

खोटेपणाचा मागमूस या उत्तरात नाही. आहे तो फक्त भिडस्तपणा, आणि तोही एका माजी काझीचा. समोरच्याला नाही म्हणता न येणं घरादारात गुण ठरतो. साक्षीत तोच घातक. तरीही पंधराव्या शतकात कैरोचे हदीस-परीक्षक इब्न हजर यांनी त्यांना सत्यवचनी म्हटलं आणि घोटाळा पुस्तकं जळाल्यानंतर झाला, असं नोंदवलं. हा निवाडा दयाळू आहे. पण माझं मत इब्न मईनकडे झुकतं: त्या वहीवर नकार द्यायला जळालेल्या प्रतींची गरजच नव्हती.